पायउतार

मराठी भाषेने पायाला जेवढे राबवले आहे तेवढे दुसऱ्या कुठल्याही अवयवाला राबवले नसेल. नोकरीत आपण पाय रोवतो, भानगड दिसली की पाय काढता घेतो, साहेब रागावला तर पाय धरतो आणि शेजारच्या टेबलावरचा वर चढायला लागला की त्याचे पाय ओढतो. अंथरूण पाहून पाय पसरायचे, पोर कसे निघणार हे पाळण्यातल्या पायांवरून ओळखायचे, नवी सून आली की तिचा पायगुण तपासायचा. एवढे सगळे करून मान म्हणाल तर निरंक. गळ्याला हार, कपाळाला गंध, मनगटाला घड्याळ. पायाला काय, तर मोजा. आणि तोही अंगठ्याशी भोक पडलेला.

म्हणून माझा डावा पाय सुजू लागला तेव्हा त्याची पहिली दखल घेतली ती बुटाने. सकाळी गुण्यागोविंदाने आत जाऊ देणारा बूट संध्याकाळी बाहेर पडू देईना. मोजा काढला की पोटरीखाली त्याच्या रबराची अशी खोल खूण राहायची की जणू कोणी सुतळी बांधून पाय पार्सल केला आहे. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. उजवा पायही थोडा सुजत होता, पण बेताने. वरिष्ठाच्या पुढे जायचे नाही एवढी शिस्त त्याला होती.

माझी बदली भंडारदऱ्याच्या बाजूला झाली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी अभिनंदन केले होते. "मजा आहे बुवा! धरण, धबधबे, काजवे!" पर्यटकाला जो धबधबा दिसतो ती रहिवाशाला ओल दिसते, हे त्यांना कोण सांगणार? जवळच्या घाटघरला लोक नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण चेरापुंजी घाटघरच राहिली आणि पावसानेही आपला कार्यक्रम बदलला नाही. इथे आषाढात कपाटातली पासबुकेसुद्धा फुगतात. त्यामुळे माझा पाय फुगला तेव्हा शाखेतला पहिला तर्क हवेवरच गेला.

पुढचे तर्क ज्याच्या त्याच्या आयुष्यातून आले. रोखपाल दिवसभर बसून असतो, तो म्हणाला, "बसून बसून रक्त साचतं." शिपाई दिवसभर उभा असतो, तो म्हणाला, "उभं राहून उतरतं, साहेब." शाखाधिकाऱ्यांचे वसुलीचे उद्दिष्ट बाकी होते, ते म्हणाले, "टेन्शन!" एका शेतकरी खातेदाराने काउंटरच्या खालून वाकून पाय पाहिला आणि मागच्या वर्षी आपल्या बैलाचा असाच खूर सुजला होता, त्याचे पुढे काय झाले ते सांगायला सुरुवात केली. त्याला मी लगेच टोकन दिले. शेजारच्या आजोबांनी घेटुळीची भाजी सुचवली. घेटुळी म्हणजे पुनर्नवा. तिला आयुर्वेदात शोथघ्नी, म्हणजे सूज मारणारी, असेच नाव आहे आणि चरकसंहितेत सुजेवर एक स्वतंत्र अध्याय आहे. आपले पूर्वज सुजेला किती गांभीर्याने घेत होते हे ऐकून पायाला जरा बरे वाटले.

सौभाग्यवतीने मात्र तर्क केला नाही. ती म्हणाली, "डॉक्टरकडे चला."

डॉक्टरांनी पाय पाहिला, अंगठ्याने दाबला, खड्डा पडला. मग पोटरी दाबली, दुखते का विचारले, धाप लागते का विचारले, रात्री किती उशा घेता विचारले, रक्तदाबाची काही गोळी चालू आहे का विचारले. (एका जातीच्या रक्तदाबाच्या गोळीने पुष्कळांचे पाय सुजतात, अशी माहितीही मिळाली. मी कसलीच गोळी घेत नव्हतो.) मग ते म्हणाले, "एकच पाय एका रात्रीत सुजून दुखायला लागला असता तर शिरेत गुठळी आहे का बघायला मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता नाशिकला पाठवलं असतं. तुमचं हळूहळू आलंय आणि दोन्हीकडे आहे. तेव्हा क्रमाने जाऊ." आणि त्यांनी कागदावर क्रम लिहायला घेतला. लघवीतील प्रथिने. रक्तातील क्रिएटिनिन. यकृत. थायरॉइड. हिमोग्लोबिन. ईसीजी. टू डी एको. पायाच्या शिरांचा डॉप्लर.

मी म्हणालो, "डॉक्टर, सुजलाय तो पाय."

"पाणी पायात आहे," डॉक्टर म्हणाले, "पण ते कुणाच्या शेतातून आलंय ते बघायला नको?"

भंडारदऱ्यात राहणाऱ्या माणसाला याहून सोपे उत्तर देता येणार नाही. रतनगडावर पडलेला पाऊस रतनगडावर थांबत नाही. उताराने धरणात येतो. शरीरातही तेच. हृदयाचा पंप थकला, मूत्रपिंडाने प्रथिने बाहेर सोडली, यकृताने ती बनवायची थांबवली, थायरॉइड सुस्तावला, शिरांच्या झडपा ढिल्या झाल्या, कोणीही चूक केली तरी तिची जमा पायाच्या खात्यावर होते. आमच्याकडे ज्या रकमेचा मालक सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पाय हे शरीराचे सस्पेन्स खाते आहे.

ती यादी खिशात घालून मी घरी आलो, आणि इथून पुढे हा प्रश्न पायाचा राहिला नाही.

प्रश्न असा की, माणसाने आपल्याला काय झाले आहे हे जाणून घेतलेच पाहिजे का? आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे. त्याचा कायदा 2005 साली झाला. सरकारला आपण विचारू शकतो की पूल का पडला. पण स्वतःच्या मूत्रपिंडाला विचारायचे की नाही, हे कुणी ठरवायचे? कारकुनी डोक्याचा हा खुळचटपणा आहे असे समजू नका. युनेस्कोने 1997 साली मानवी जनुकांविषयी एक जाहीरनामा काढला. त्यात आपल्या जनुकीय तपासणीचा निकाल जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला असल्याचे म्हटले आहे. म्हणजे माहिती नको असण्याचाही अधिकार मोठ्या लोकांनी मान्य केलेला आहे. आमच्या घरात तो त्याच्याही आधीपासून चालत आला आहे. त्याचे नाव अण्णा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टात होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचे दोन्ही पाय सुजू लागले. ते पाटावर पाय ठेवून बसत आणि कोणी विचारले तर म्हणत, "मला काय झालंय? चाळीस वर्षं चाललेत, आता जरा भरलेत." रात्री झोपताना एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. त्यावर त्यांचे उत्तर, "टीव्ही नीट दिसतो." कोणी दवाखान्याचा विषय काढला की ते म्हणत, "कळलं की आजार सुरू होतो." या वाक्यात विनोद आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. कागद हातात पडेपर्यंत माणूस माणूस असतो. कागद पडला की तो रुग्ण होतो. मग तो जेवत नाही, पथ्य करतो; फिरत नाही, व्यायाम करतो; झोपत नाही, विश्रांती घेतो. अण्णांनी ती दोन वर्षे भजी खाल्ली, मित्रांशी भांडले, दिवाळीत आकाशकंदील स्वतः बांधला. एके रात्री तीन उशांवर ते गेले.

कितीतरी दिवस मला वाटे की अण्णांचा हिशेब चुकला असे कोणी म्हणू नये. त्यांनी दोन निर्धास्त वर्षे विकत घेतली आणि किंमत स्वतः मोजली. पण नंतर एकदा आई निवडता निवडता, तांदळातून मान वर न करता म्हणाली, "उशा मीच लावायची ना. तिसरी लावली त्या दिवशी मला समजलं. पण त्यांनी कुणाला विचारलं नाही, म्हणून मलाही विचारता आलं नाही."

म्हणजे निर्धास्त होते ते एकटे अण्णा. काळजी संपलेली नव्हती. ती फक्त आईच्या नावावर वर्ग झाली होती. बँकेत आम्ही असा व्यवहार खातेदाराच्या सहीशिवाय करत नाही.

आणि या गोष्टीचा उलगडा मला माझ्याच घरात व्हायचा होता. यादी खिशात आल्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री मला अर्धवट जाग आली. कोणीतरी माझ्या नडगीवर हळूच अंगठा दाबत होते. मी डोळे उघडले नाहीत. बॅटरीचा उजेड पायावर पडला, काही क्षण थांबला आणि विझला. सौभाग्यवती खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते मोजत होती. रोज मोजत असावी, कारण हाताला सराव दिसला. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला.

तपासण्यांविषयी काय सांगावे! पहिल्या दिवशी उपाशी पोटी सकाळच्या एस.टी.ने तालुक्याच्या गावी जायचे होते, सोबत सकाळच्या पहिल्या धारेची बाटली. ती शबनम पिशवीत उभी राहावी म्हणून दोन्ही हातांनी धरून मी बसलो. शेजारच्या बाईंनी विचारले, "मध आहे का? इकडचा चांगला असतो." मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग तूप असेल." पुढच्या थांब्यापर्यंत मी खिडकीतून कळसूबाईकडे पाहत राहिलो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. त्याच्याकडे एवढ्या एकाग्रतेने पूर्वी कोणी पाहिले नसेल.

रक्ताचे अहवाल आले. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासणाऱ्या माणसाच्या हातात त्याचेच आकडे पडले की त्याची अवस्था पाहण्यासारखी होते. डावीकडे माझा आकडा, उजवीकडे असायला हवा तो. सगळे आकडे मर्यादेत. थायरॉइडचा मात्र मर्यादेच्या आत पण उंबरठ्याशी उभा. दुपारी बँक बंद होता होता शटरखालून आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. मला आनंद व्हायला हवा होता. पण आतून थोडे वाईट वाटले हे खरे. एवढा खर्च केला, एवढी सुया टोचून घेतली, आणि काहीच नाही? माणसाचे मन असे की आजार नको असतो, पण त्याला कारण हवे असते.

ईसीजीला छातीवर चोखणारे रबरी फुगे बसवले. ते केसांवर टिकेनात. दोन निसटले, तंत्रज्ञाने परत लावले, चौथा निसटला. एकोच्या वेळी छातीवर थंडगार चिकट पदार्थ लावून एक यंत्र फिरवले आणि माझ्या हृदयाचा आवाज ऐकवला. इतकी वर्षे ज्याच्याविषयी 'हळवे', 'कोमल' असे शब्द वाचत आलो, ते हृदय ओल्या चपला घालून चालणाऱ्या माणसासारखे फसक-फसक करत होते. डॉक्टर म्हणाले, "उत्तम." मी त्या चपलांना मनोमन नमस्कार केला.

सर्वांत मौज झाली ती फायलेरियाच्या तपासणीत. मी पूर्वी तीन वर्षे चंद्रपूर जिल्ह्यात होतो, आणि पूर्व विदर्भात हत्तीपायाचा रोग आहे. देशात त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम 1955 सालापासून चालू आहे. डास हा जंतू पसरवतो हे पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरने चीनमध्ये असताना 1877 साली शोधले. या जंतूंची पिल्ले दिवसा फुफ्फुसांत दडून बसतात आणि रात्री, डासांची चावायची वेळ झाली की, वरच्या रक्तात येतात. म्हणून नमुना रात्रीच घ्यावा लागतो. दिवसा होणारीही तपासणी आता निघाली आहे, पण ती त्या दिवसांत इकडे हाताशी नव्हती. गिऱ्हाइकाच्या सोयीची वेळ पाहून काउंटर उघडणारा हा एकमेव प्राणी असावा. आमच्या बँकेने त्याच्यापासून शिकण्यासारखे आहे. तर एका तंत्रज्ञाने घरी येऊन रात्री दहानंतर माझ्या बोटाला सुई टोचली. बाहेर मोटारींची रांग लागली होती. मे महिनाअखेर होती आणि सारे मुंबई-पुणे काजवे बघायला भंडारदऱ्यात उतरले होते. ते झाडांवर काजवे शोधत होते, आम्ही काचपट्टीवर जंतू. त्यांना काजवे दिसले. आम्हाला जंतू दिसले नाहीत. ते निघाले असते तर जे औषध मिळाले असते, ते डीईसी, 1947 साली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत तयार झाले, आणि त्यामागे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्याच भीमावरमचे शास्त्रज्ञ होते. पाय सुजला म्हणून मला हे नाव कळले. सुजल्याशिवाय कळायला हवे होते.

राहता राहिला डॉप्लर. नाशिक इथून सुमारे 70 किलोमीटर. तिथे एका अंधाऱ्या खोलीत तंत्रज्ञाने माझ्या पायातले रक्त पडद्यावर रंगीत करून दाखवले. वर चाललेले एका रंगात, खाली येणारे दुसऱ्या. त्याने पोटरी दाबली. रक्त वर गेले. सोडली, आणि त्यातले काही मुकाट्याने परत खाली आले. "झडपा लीक आहेत," तो म्हणाला. बारा-पंधरा दिवसांच्या शोधानंतर गुन्हेगार सापडला होता.

पायातले रक्त हृदयाकडे परत जाते ते डोंगर चढून. त्याला वर ढकलतात पोटरीचे स्नायू आणि ते परत घसरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या एकेरी झडपा असतात. या झडपांचे वर्णन 1603 साली फॅब्रिशियस या शिक्षकाने छापले. तो इटलीत पादुआ इथे शिकवायचा. पायाच्या संशोधनाला याहून शोभणारे गाव सापडणार नाही. पण झडपा कशासाठी आहेत हे नीट कळले ते त्याच्या विद्यार्थ्याला, विल्यम हार्वेला. झडप एकाच दिशेने उघडते, याचा अर्थ रक्त एकाच दिशेने जाते, याचा अर्थ ते फिरून परत येत असले पाहिजे. 1628 साली त्याने पुस्तक काढले आणि सगळे जुने वैद्यक हलले. म्हणजे ज्या झडपांनी जगाला रक्ताभिसरण शिकवले, त्या माझ्या डाव्या पायात कामचुकारपणा करत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं नाही. घट्ट मोजे, चालणं, झोपताना पाय उशीवर. आणि दर महिन्याला घोट्याचा घेर मोजून लिहून ठेवायचा."

"पण गळती थांबणार नाही?"

"थांबली नाही तरी चालेल. किती आहे ते ठाऊक पाहिजे."

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकले होते ते धरणावर काम करून निवृत्त झालेल्या आमच्या एका पेन्शनर खातेदाराकडून. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. सुमारे 82 मीटर उंच, दगडी, नाव विल्सन गव्हर्नरचे, पाणी प्रवरेचे. पाणी मावते 11 टीएमसी. पर्यटक त्याचे फोटो काढतात तेव्हा त्यांना ते एक अखंड, बिनभोकाचे, गर्विष्ठ बांधकाम वाटते. पण 1969 साली या धरणाला भेगा पडल्या होत्या आणि गळती वाढली होती. मग पुढच्या काळात खालच्या बाजूने दगडी टेकू बांधून त्याला सावरले. "धरण म्हटलं की झिरपतंच," ते पेन्शनर म्हणाले होते. "झिरपतं त्याची भीती नाही. ते पाणी एका खाचेतून वाहू द्यायचं, खाचेत किती उंच येतंय ते वाचायचं, वहीत लिहायचं. आज कालच्याइतकंच आहे, मग झोपा. आज जास्त आहे, मग पळा. ज्याची वही नाही त्या धरणाची भीती."

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर या वहीत आहे. धरण हे स्वतःसाठी उभे नसते. त्याच्या खाली अकोले आहे, संगमनेर आहे, पार श्रीरामपूरपर्यंत ऊस उभा आहे. धरणाला जीभ असती आणि ते म्हणाले असते, "माझ्या भेगा हा माझा खाजगी प्रश्न आहे, मला त्या मोजून घ्यायच्या नाहीत," तर आपण काय म्हटले असते? डोंगरमाथ्यावरच्या एकट्या दगडाला न जाणण्याचा अधिकार आहे. ज्याच्या खाली गावे आहेत त्याला नाही. युनेस्कोचा अधिकार मला मान्य आहे, पण तो जनुकांचा आहे. ज्या सुजेवर उपाय आहे तिच्याबाबतीत गप्प राहिले, तर उशा लावणारे माणूस रात्रभर जागे राहते. अण्णांच्या खालच्या अंगाला आई होती.

इथे हा लेख संपला असता तर तो फार नीटनेटका झाला असता. पण दवाखान्यात ज्या दिवशी मला यादी मिळाली त्या दिवशी माझ्यानंतर एक आजी आत गेल्या होत्या. पाण्याच्या कडेच्या एका वाडीतल्या. दार उघडेच होते. त्यांचे दोन्ही पाय माझ्यापेक्षा जास्त सुजले होते. बुटाने त्यांची दखल घेतली नव्हती, कारण बूट नव्हता. डॉक्टरांनी त्यांनाही तसाच कागद लिहून दिला. आजींनी तो उलटसुलट पाहिला, घडी घातली, परत उघडला आणि विचारले, "डाक्टर, यातलं येखादंच केलं तर भागंल का? आवणी आलीया."

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आजींच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली, आणि कागदावर एका नावाला गोल केला. हिमोग्लोबिन. "हे आज इथेच करा, पैसे पडत नाहीत. बाकीचं आवणी झाल्यावर. पण या म्हणजे या."

ही आठवण माझ्या तत्त्वज्ञानात नीट बसत नाही. जाणून घ्यावे की घेऊ नये, यावर मी आठवडाभर चिंतन करू शकलो, कारण माझ्या खात्यावर रजा शिल्लक होती. आजींच्या बाबतीत हा प्रश्न तत्त्वाचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. बुडालेली मजुरी आणि एस.टी. फुकट नसते. अण्णांनी आकडा नको म्हटले ते मनाच्या शांततेसाठी. आजींना आकडा हवा होता. पण चिखलात उभे राहून भाताची रोपे लावायची होती आणि पाऊस थांबणार नव्हता. दोघांनाही 'दुर्लक्ष करतात' असेच आपण म्हणतो. एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरणे हा आकडेवारीचा गुन्हा आहे, आणि शहाण्या माणसांकडून तो रोज होतो. ज्ञान हे कर्तव्य आहे असे म्हणणाऱ्याने आधी हे पाहावे की, समोरच्याला ते कर्तव्य परवडते का.

आजी पुढे निराधार योजनेचे पैसे काढायला शाखेत आल्या. रक्त फारच कमी भरले होते. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. रक्त कमी असले तरी पाय सुजतात. "उतार पडला का?" मी काउंटरवरून विचारले. "पडतोय," त्या म्हणाल्या. "बाकीच्या राहिल्यात. भात निघू दे." आणि मग माझ्या पायाकडे बोट करून, "तुमचं रं बाबा?" माझे सगळे आठही प्रकार झाले आहेत असे सांगायला मला जरा जड गेले.

घट्ट मोज्यांविषयी एक अख्खा लेख होईल. ते घालणे म्हणजे म्हशीला बाळंतविड्यातले अंगडे चढवणे. सकाळी मी आणि सौभाग्यवती दोन बाजूंनी ओढतो. पंधरा मिनिटांत पोटरीपर्यंत पोचतो. पण पायाला उतार पडला आहे. घोट्याचा घेर दोन सेंटिमीटरने कमी झाला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी ती महिन्याच्या पहिल्या तारखेला घेर लिहिते. डावा, उजवा. रात्री बॅटरी आता पेटत नाही. वही आली की पहारा उठतो.

परवा घेर लिहिताना मी मागून पाहिले, तर ती जमिनीवरून उठताना ओट्याला धरून उठली आणि थोडी थांबली. जिना चढून आल्यावरही ती हल्ली अशीच थांबते, हे माझ्या लक्षात आले. मी म्हटले, "इथे तिसरा रकाना पाडू. तुझ्या रक्तदाबाचा. आणि साखरही बघू."

ती हसली. म्हणाली, "मला काय झालंय?"

हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. सकाळची एस.टी. ठरली आहे, बाटली मी धरणार आहे.